कर्णा वाजला की उठायचं

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात मारुतीच्या देवळासमोर केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणे उतरवून घेतलं आहे.)



दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही चार शब्द बोला, असं आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. उभं राहिलं की अभंग लावायचा, एवढीच सवय. पण आज अभंग लावणार नाही. अभंग लावला की आम्ही वाहवत जातो, आणि जे सांगायचंय ते राहून जातं. एकदा तसं झालंय. त्याचंच आज सांगायचंय.

विषय आहे हवामानाच्या इशाऱ्याचा. आता कुणी म्हणेल, बुवा, शंभरीचा सोहळा आणि ही काय वेधशाळा काढली? जुन्या लोकांच्या आठवणी सांगा, पहिल्या विणेकऱ्याचं सांगा. ते सांगणारे इथं पुष्कळ आहेत. आमचं जरा ऐकून घ्या.

आपण माउलींच्या सोहळ्यात चालतो. तळावर पहाटे काय होतं? पहिला कर्णा वाजतो. पहिला कर्णा झाला की उठायचं, आवरायचं, राहुट्या सोडायच्या. दुसरा कर्णा झाला की सामान ट्रकात आणि माणूस रांगेत. तिसरा कर्णा झाला की पालखी निघाली. मग कुणी म्हणत नाही, की माझा चहा राहिलाय, जरा थांबा. लाखो माणसं, कुणाला लिहितावाचता येतं, कुणाला नाही, कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, कुणाला कमी ऐकू येतं. तरी तळ एका सुरात हलतो. कारण कर्णा म्हणजे काय आणि तो वाजल्यावर करायचं काय, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप वर केला की एवढा समाज गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिचं ऐकून घेतात. म्हणजे इशारा वरून खाली येतो, आणि तक्रार खालून वर जाते. हे आपल्यात शेकडो वर्षं चालू आहे.

आता तुमच्या मोबाईलवर हवामान खात्याचे रंग येतात. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. बातम्यांत म्हणतात, सोलापूरला यलो अलर्ट, पुण्याला ऑरेंज, घाटमाथ्यावर रेड. आम्हाला बरेच दिवस वाटायचं, की लाल म्हणजे जास्त पाऊस आणि पिवळा म्हणजे कमी पाऊस, एवढंच. मग आपल्या कृषी सहायकांनी बसवून समजावून सांगितलं. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता बसू नका, करायचं ते करा. आम्ही त्यांना म्हटलं, साहेब, हे तर आमचे तीन कर्णे! पिवळा पहिला, नारंगी दुसरा, लाल तिसरा. ते हसले. पण त्या दिवसापासून आमच्या डोक्यात ते पक्कं बसलं. तुमच्याही बसेल.

आपल्या बापजाद्यांकडे त्यांचे इशारे होतेच. टिटवीनं अंडी खळग्यात घातली की उंचवट्यावर, मुंग्या अंडी तोंडात धरून कुठं निघाल्या, मृगाचं वाहन काय, आर्द्राचं वाहन काय, कोल्हा का मेंढा का बेडूक. आम्ही अजून पंचांग बघतो. त्यात काही वावगं नाही. पण नक्षत्र पंधरा दिवसांचं सांगतं. संध्याकाळी सहा वाजता आपल्याच शिवारात वीज पडणार का, हे मेंढा सांगू शकत नाही. आणि नदीला गावात पूर येतो तो कधीकधी आपल्या पावसानं येतच नाही. पाऊस पडतो भीमाशंकरला, पुण्याच्या धरणांवर, भोरकडं. आपल्या डोक्यावर कोरडं ऊन असतं, आणि पायाशी पाणी येतं. टिटवी बिचारी भोरचं काय सांगणार?

आता आम्ही आमचा दोष सांगतो. तुम्ही आमची कीर्तनं ऐकली आहेत. वीस-पंचवीस वर्षं आमचा एक ठरलेला विनोद होता. वेधशाळेनं पाऊस सांगितला की वाळवण घाला, आणि ऊन सांगितलं की छत्री घ्या. हा टाकला की मंडप हसणारच. पुढं लोक आम्हाला सांगायला लागले, बुवा, तो वेधशाळेचा टाका. आम्ही टाकायचो. लोकांना एका विषयावर आणायचं तर आधी हसवावं लागतं, हा आमचा धंद्याचा अनुभव. धंदा म्हटलं, कीर्तनाला धंदा म्हणू नये, पण बोलून गेलो.

तीन वर्षं झाली. वैशाखातला सप्ताह, वरच्या वस्तीवर, शेताच्या कडेला मांडव. आमचं कीर्तन संध्याकाळचं. उकाडा असा, की मृदंगाची शाई ओली व्हावी. पश्चिमेला ढग चढत होते, पण वळीव काय रोजच चढतो. अभंगाचं दुसरं चरण चाललं होतं आणि मागच्या बाजूला एक पोरगा उभा राहिला. आयटीआयला शिकणारा. हातात मोबाईल. म्हणाला, "बुवा, विजेचा इशारा आलाय. आपल्याच भागाचा आहे. अर्ध्या तासाचा."

आम्ही काय केलं? आम्ही टाळकऱ्यांकडे बघितलं, जरा थांबलो, आणि म्हणालो, "बाळा, तुझ्या वेधशाळेला सांग, नारदाच्या गादीवर माणूस उभा आहे, तवर विजेनं बाहेर थांबावं." मांडव हसला. पोरगं लाजलं आणि खाली बसलं. मग आम्ही तो वाळवणाचा विनोदही टाकला, आणि मोठा दृष्टांत घेतला. दृष्टांत चांगला अर्धा तास चालला.

कीर्तन संपलं तेव्हा वारं सुटलं होतं. आपल्या दिंडीतला एक टाळकरी, आमच्या डाव्या हाताला दोन तपं उभा राहिलेला माणूस, पाया पडला आणि म्हणाला, "म्हस चिंचेखाली बांधलीया, सोडून आणतो." आम्ही म्हणालो, जा लवकर. आम्हीच म्हणालो. चिंच मांडवापासून लांब नाही. त्यानं दावं सोडलं की नाही ते ठाऊक नाही, पण तो आणि म्हैस दोघंही तिथंच गेले. अंगावर जखम फारशी नव्हती. टाळ कमरेलाच बांधलेले होते.

त्या घरची माणसं आज समोर बसली आहेत. त्यांना विचारूनच आम्ही हे सांगतोय. त्यांनी आम्हाला कधी एक शब्द लावला नाही. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, शासनाचे ४ लाख मिळाले. आणि दहाव्याच्या दिवशी गावातली चार शहाणी माणसं आम्हाला म्हणाली, बुवा, मनाला लावून घेऊ नका, ज्याची त्याची घटका भरलेली असते. आम्हालाही ते बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही? पण रात्री पडल्यावर एक हिशेब सुटत नव्हता. त्या पोराच्या मोबाईलनं अर्धा तास दिला होता. अर्ध्या तासात म्हैस सोडून गोठ्यात बांधून माणूस परत मांडवात आला असता. तो अर्धा तास आम्ही दृष्टांतात घालवला.

घटका भरायचं म्हणाल, तर त्यावर आमचं एकच म्हणणं आहे. तिसरा कर्णा वाजल्यावर कुणी वारकरी म्हणतो का, की माझ्या नशिबात पालखी असेल तर मिळेल, मी झोपतो?

त्यानंतर आम्ही चौकशीला लागलो. वाचता येतं ते अडखळत, म्हणून नातवाला बसवायचं आणि वाचून घ्यायचं. कृषी सहायकांना भेटलो, तलाठीभाऊसाहेबांना भेटलो. ज्याच्यावर वीस वर्षं हसलो ते आहे तरी काय, ते बघितलं.

आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ सालचं. म्हणजे आपल्या दिंडीपेक्षा पन्नास वर्षांनी थोरलं. ते सुरू कशानं झालं? १८६४ साली कलकत्त्याला मोठं वादळ झालं, माणसं मेली, आणि पाठोपाठ १८६६ आणि १८७१ ला पाऊस फसला. म्हणजे मरणातनंच निघालेलं खातं. त्याची मुख्य कचेरी एकेकाळी सिमल्याला होती, ती १९२८ ला पुण्याला आली. पुण्यात शिवाजीनगरला दगडी इमारत आहे, जुने लोक तिला अजून सिमला ऑफिस म्हणतात. आपली पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा त्या भागातनं किती वेळा गेलो असू, पण आत काय चालतं ते कधी विचारलं नाही.

आत चालतं ते असं. वर इन्सॅट उपग्रह आहे, तो दर अर्ध्या तासाला ढगांचा फोटो पाठवतो. खाली रडार आहेत, ते लहरी सोडतात, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, त्यावरनं ढगात पाणी किती आणि तो कुठं चाललाय ते कळतं. समुद्रात तरंगती यंत्रं आहेत. हे सगळं मोठ्या संगणकात घालून अंदाज काढतात. विजेचं वेगळं आहे. पुण्याला पाषाणमध्ये उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, तिनं देशभर विजेची चाहूल घेणारी यंत्रं बसवली आहेत आणि दामिनी नावाचं ॲप केलंय. आजूबाजूला वीस, चाळीस किलोमीटरवर गेल्या काही मिनिटांत वीज कुठं पडली ते त्यात दिसतं, आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाचा इशारा येतो. त्या पोराच्या हातात तेच होतं.

अंदाज चुकतो का? चुकतो. तालुक्याला सांगितलेला पाऊस शेजारच्या शिवारात पडतो आणि आपण बांधावर कोरडे. आम्ही शेतकरी आहोत, दोनदा बियाणं वाया घालवलंय, आमचाही राग आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो, तो ऐकून औषध मारलं आणि धुऊन गेलं, असंही झालंय. पण मांडव गळेल म्हणून आपण ताडपत्री बांधतो. पाऊस आला नाही तर ताडपत्रीला शिव्या देत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही जगन्नाथपुरीला गेलो होतो, तीर्थाला. दर्शन झालं आणि धर्मशाळेतल्या एका म्हाताऱ्याशी बोलणं निघालं, मोडक्या हिंदीत. ओरिसाला २९ ऑक्टोबर १९९९ ला मोठं चक्रीवादळ झालं होतं. तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. समुद्र गावात शिरला. म्हातारा म्हणाला, वादळ येणार हे रेडिओवर सांगितलं होतं. पण जायचं कुठं, हे कुणी सांगितलं नव्हतं. घरं मातीची, पक्का निवारा थोडा. इशारा होता, पण दुसरा कर्णा झाल्यावर सामान टाकायला ट्रकच नव्हता, असं समजा.

मग तिथल्या सरकारनं आणि लोकांनी काम केलं. किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, आता ते आठशेच्या वर आहेत. एरवी त्यात शाळा भरते, वादळात गाव राहतं. गावोगाव पोरं तयार केली. २०१३ ला फायलिन वादळ आलं, दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली, मेलेली पन्नासाच्या आत. ३ मे २०१९ ला फनी वादळ तर थेट पुरीजवळच किनाऱ्याला लागलं. बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली. मोबाईलवर २६ लाख मेसेज गेले, भोंगे फिरले, देवळातनं, निवाऱ्यातनं, दारोदार सांगितलं. पुरीची झाडं उन्मळली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. माणसं गेली ती शंभराच्या आत. कुठं दहा हजार, कुठं शंभराच्या आत! वारा दोन्ही वेळी राक्षसासारखाच होता. आम्ही विचारलं, तुम्ही घर सोडून गेलात कसे, भीती नाही वाटली चोरीची? म्हातारा म्हणाला, घरच्या बायका आधी निघाल्या, मग आम्ही कशाला बसतो.

ही गोष्ट बारकाईनं घ्या. इशारा कळतो, पण माणूस हलत नाही, तो का? मूर्ख म्हणून नाही. दावणीला जनावर आहे. कणगीत ज्वारी आहे. म्हातारी आई अंथरुणाला आहे. आपल्या टाळकऱ्याला तरी काय, म्हशीचाच जीव लागला होता. म्हणून नुसतं "सुरक्षित स्थळी जा" म्हणून भागत नाही. जनावर कुठं न्यायचं, म्हातारीला कोण उचलणार, हे आधी ठरलेलं पाहिजे.

शेजारी बांगलादेश आहे. तिथं १९७० च्या वादळात तीन लाखांवर माणसं गेली. एवढी माणसं म्हणजे किती, तर आषाढीला वाळवंटात उभा असलेला समाज डोळ्यांपुढं आणा. त्यानंतर त्यांनी गावागावांत सेवेकरी नेमले. आज ते ७६ हजारांच्या आसपास आहेत, त्यात निम्म्या बाया. त्यांच्याकडं काय असतं? एक भोंगा आणि लाल झेंडे. एक झेंडा लागला की सावध, दोन झेंडे लागले की आवरा, तीन झेंडे लागले की निवाऱ्यात चला. नातू हे वाचत होता आणि आम्ही म्हटलं, परत वाच. पताका आणि तीन इशारे! न शिकलेल्या माणसालाही लांबून दिसतं. बाया का निम्म्या, तर परका पुरुष दारात येऊन सांगतो त्यानं घरातली बाई बाहेर पडत नाही, शेजारीण सांगते तेव्हा पडते. आपल्याकडं काय वेगळं आहे?

आता आपल्या नदीचं. उजनी ११७ टीएमसीचं धरण. ते भरलं की पाणी सोडतात. पण पंढरपूरला चंद्रभागा चढते ती एकट्या उजनीनं नाही. नीरेवरच्या वीर धरणातनंही पाणी सुटतं, आणि नीरा नरसिंहपूरला संगमावर ते भीमेत मिसळतं. दोन्ही पाणी एका वेळी आलं की जुना दगडी पूल पाण्याखाली, पुंडलिकाचं देऊळ पाण्यात. मेसेज येतो, त्याची भाषा तुम्हाला पाठ आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, विद्युत मोटारी व जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत. हा मेसेज जिल्ह्यातनं तहसीलला, तहसीलमधनं तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, सरपंच, आणि मग गावाच्या ग्रुपवर. ग्रुपवर काय होतं? वर देवाचे फोटो, शुभ सकाळ, कुणाच्या वाढदिवसाचा केक. मधे कुठंतरी पाण्याचा मेसेज. आमच्या बापाच्या वेळी कोतवाल हलगी घेऊन गल्लीगल्लीत दवंडी द्यायचा. हलगीला शुभ सकाळ आडवी येत नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातनं आलेलं वादळी हवामान हैदराबादवरनं आपल्याकडं आलं. १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. पाठोपाठ उजनीचं पाणी सुटलं आणि नदी फुगली. मेसेज वेळेत आला होता. तलाठीभाऊसाहेबांनी फोनही केला. आम्ही त्या दिवशी कुणाचं ऐकलं, देव जाणे. दोघं भाऊ कमरेइतक्या पाण्यात उतरून मोटार काढली, गुरं वरच्या वस्तीला नेली. ऊस झोपला, पण मोटार आणि गुरं राहिली. म्हणजे इशाऱ्यानं आमचं स्वतःचं घर वाचवलं होतं, आणि तरी दीड वर्षानं त्याच इशाऱ्यावर आम्ही गादीवरनं हसलो. मोटारीपुरतं खरं आणि कीर्तनात खोटं.

सगळ्याचा इशारा मिळतो असंही समजू नका. भूकंपाचा मिळत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणपती बोळवून माणसं झोपली होती. तिथं घर नीट बांधणं हाच इशारा. दरडीचं अवघड आहे. आपली भीमा जिथनं निघते त्या डोंगरात, आंबेगाव तालुक्यात माळीण होतं. ३० जुलै २०१४ ला सकाळी अख्खा डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. तो गाडी घेऊन आला तर गाव जागेवर नव्हतं. अतिवृष्टीचा इशारा जिल्ह्याला देता येतो, पण नेमका कोणता डोंगर सुटणार हे सांगणं फार कठीण. तिथं तिथल्याच माणसानं बघायचं असतं, जमिनीला भेग पडली का, झाड कललं का, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, आणि ते वर कळवायचं असतं. चालू ठेवलेल्या टाळासारखं.

२०२३ साली सरकारनं मोबाईलवर चाचणी घेतली, आठवतं का? एकदम सगळ्यांचे फोन किंचाळले. आमच्या सूनबाईंनी फोन गव्हाच्या डब्यात टाकला, फुटेल म्हणून. तो साधा मेसेज नव्हे. टॉवरवरनं त्या भागातल्या सगळ्या फोनला एकदम हाक जाते, कुणाचा नंबर लागत नाही. आवाजही जोराचा, मुद्दाम. पण टॉवरच बंद पडला, बॅटरी संपली, फोन जुना असला, तर नाही वाजत. वारीत आपल्यातल्या निम्म्यांचे फोन दुपारनंतर मेलेले असतात. म्हणून फोनच्या पुढं माणूस लागतो.

तर येत्या वारीपासून काय करायचं, ते आम्ही चालकांशी बोललोय. दिंडीत दोन माणसं इशाऱ्याची. एक चालताना, एक तळावर. त्यांच्याकडं दोन फोन, दोन बॅटऱ्या, दामिनी आणि सचेत ही ॲपं घातलेली, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ लिहून ठेवलेला. त्यांना टाळ धरायची सक्ती नाही, हीच त्यांची सेवा. बायांच्या रांगेत एक बाई वेगळी, तिचं बाया ऐकतील अशी. चंद्रभागेच्या स्नानाला उतरायच्या आधी पाणी सुटलंय का ते त्यांना विचारायचं.

विजेचं नीट ऐका. वीज दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत अंक मोजायचे. तीसच्या आत आवाज आला की उघड्यावर थांबायचं नाही. पक्क्या घरात, शाळेत, नाहीतर पत्र्याचं टप असलेल्या बंद गाडीत. ट्रकच्या केबिनमध्ये चालेल, ताडपत्रीच्या हौद्यात नाही. राहुटीत नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, कितीही पाऊस असो. काहीच जवळ नसेल तर पताका खाली आडव्या ठेवायच्या, एकमेकांपासून लांब व्हायचं, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मग चालायचं. पालखी पुढं गेली तर जाऊ द्या, आपण गाठू. पताका खाली ठेवायला कुणाला अपमान वाटत असेल, तर त्याचं पाप आमच्या माथी.

आणि गावात जनावरांसाठी वरच्या वस्तीवरच्या गायरानात पत्र्याचं शेड घालायचं ठरलंय. चिंचेखाली कुणी बांधायचं नाही. शेडची वर्गणी आमच्या कीर्तनाच्या बिदागीतनं सुरू केली आहे. पुढं ज्याला जमेल त्यानं द्यावी.

तो पोरगा मागं बसलाय. आता नोकरीला आहे, सुट्टी काढून आलाय. बाळा, उभा राहा. त्या दिवशी तुला आम्ही शंभर माणसांत खाली बसवलं. आज हजार माणसांत सांगतो, चूक आमची होती. इशाऱ्याच्या दोन माणसांत पहिलं नाव तुझं घातलंय. आमचं कीर्तन चालू असेल, काला असेल, कुणी मोठे महाराज गादीवर असतील, तू मधेच उठायचं आणि मोठ्यानं सांगायचं. आम्ही चाल थांबवू. मृदंगी, तुम्हीही हात थांबवा.

दुसरं नाव बायांकडनं यायचंय. वही पारावर ठेवली आहे, प्रसाद घेऊन जाताना नाव घाला.

रामकृष्ण हरी.